साडेचारची सावली

वडील बादली, तारेचा ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन बसथांब्यावर आले, तेव्हा साडेचारला दहा मिनिटं कमी होती. चार दिवस त्यांनी लेकीशी अबोला धरला होता. आज त्यांनीच तो सोडला.

"पुसून टाकणार आहे," ते म्हणाले.

"पुसा," ती म्हणाली आणि फुटपाथच्या कडेला बसून राहिली.

ती सावल्या काढायची. शहरातून नाहीशा झालेल्या वस्तूंच्या सावल्या, त्या जिथं उभ्या होत्या तिथंच, जमिनीवर, करड्या रंगात. कधी हलवलेल्या टपालपेटीची, कधी मोडीत गेलेल्या टेलिफोन बूथची. जाणारा माणूस थबकायचा, सावली कशाची म्हणून वर बघायचा आणि वर काहीच नसायचं. मग तो शेजारच्याला काहीतरी सांगू लागायचा. ते ऐकायला वही घेऊन ती समोर बसलेली असायची. नातेवाइकांत कुणी विचारलं, तर आई "सावल्या काढते" एवढंच सांगून, पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकायला उठायची. लेकीचा नियम एकच होता. ज्याची वस्तू, त्याला सावली पुसायचा हक्क.

थांब्यावरची ही सावली एका तोडलेल्या झाडाची होती, आणि ते झाड वडिलांचं होतं. तसं ते सरकारी, पण उद्यान विभागात फांद्या छाटायच्या नोकरीत पंधरा वर्षं त्यांनी त्याच्याखाली डबा खाल्ला होता. शाळा सुटली की तीही तिथंच यायची. आसपासच्या झाडांवरून त्यांची हाक ऐकू यायची, "खालचे, सरका!" आणि मागोमाग फांदी पडल्याचा आवाज. मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि हे झाड तोडायला नेमकं त्यांनाच पाठवलं. त्यानंतर अकरा वर्षं ते इकडे फिरकले नाहीत. औषधाचं दुकान थांब्याला लागून, तरी मागच्या गल्लीतून वळसा घालून दुसऱ्या दुकानात जायचे. सावली काढली तर ती बघायला का होईना, येतील, असं तिला वाटलं होतं. घरी कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माझं कर्म चव्हाट्यावर मांडलंस."

गंमत म्हणजे चव्हाट्यावर कुणाचं लक्षच नव्हतं. चार दिवसांत एकही माणूस थबकला नाही, एकानेही वर पाहिलं नाही. बसची रांग सावलीवर उभी राहायची आणि माना मोबाइलमध्ये खुपसलेल्या असायच्या. वही कोरी होती. आता सावली पुसली की वडील पुन्हा या रस्त्याला येणार नाहीत, हे तिला कळत होतं. नियम गेला खड्ड्यात, उठून त्यांचा हात धरावा असं तिला फार वाटलं. पण ती उठली नाही.

साडेचार झाले; झाडाची सावली तिने याच वेळेची काढली होती. थांब्याच्या खांबाची खरी सावली रंगवलेल्या सावलीला समांतर आली आणि क्षणभर झाड तिथंच आहे असं वाटलं. वडिलांनी गुडघे टेकले. बुंध्याला त्यांनी हात लावला नाही. झाड उतरवायचं ते फांद्यांपासून, बुंधा शेवटी; हाताला तीच सवय. पहिली फांदी शोधत ते रांगेच्या बाजूला सरकत गेले आणि थांबले.

"इथली कुठंय?"

"कोणती?"

"सगळ्यात जाड होती ती. तू कशावरून काढलंस हे?"

"तुमच्या ऑफिसातल्या फोटोवरून. तोडायच्या आधीचा आहे."

"आधीचा नाही. फोटोवाला उशिरा आला. तोवर एक पाडून झाली होती." ते मोकळ्या फरशीकडे बघत राहिले. "ती पाडली आणि मी खाली उतरलो. साहेबांना म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही. ते म्हणाले, सुरुवात तर तूच केलीस."

हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. वही मांडीवर होती, ती तिने उघडली नाही.

"रंग उरलाय?" त्यांनी विचारलं.

"आहे थोडा." तिने पिशवीतून डबा आणि कुंचला काढला.

त्यांनी तारेचा ब्रश बादलीत टाकला आणि तिच्या हातातून कुंचला घेतला. फांदी जिथून जायची तिथं रांगेतली सात-आठ माणसं उभी होती. वडिलांनी जमिनीवर बसल्या बसल्याच, नोकरीभर झाडावरून द्यायचे तसा आवाज दिला, "खालचे, सरका!"

रांगेतल्या सगळ्यांनी आधी वर पाहिलं, आणि मग सरकले.