लेक आणि सून

इंग्लंडमधल्या एका लहानशा बाजाराच्या गावी, स्टेशनच्या फलाटावर यशश्री शिट्टी फुंकून गाडी सोडत होती. लेकीचा तो व्हिडिओ मोहनरावांनी बडोद्यातल्या घडियाळी पोळ या आपल्या गल्लीतल्या घराघरांत दाखवला. "जुओ, मारी दीकरी! रातपाळीलाही डरत नाही!"

संध्याकाळी त्यांची सून रसिका धावतच घरी आली. "बाबा, माझी निवड झाली! सहायक स्टेशनमास्तर, इथे बडोद्याजवळच."

मोहनरावांचा चेहरा उतरला. "स्टेशनवर? परक्या पुरुषांत रातपाळ्या? आपल्या घराण्यातल्या सुनेला हे शोभत नाही."

"आणि यशश्रीताईंना शोभतं?"

"तिची गोष्ट वेगळी. ती लेक आहे."

रसिकानं नवऱ्याकडे पाहिलं, तर कुणाल मान खाली घालून बसलेला. तिनं सरळ यशश्रीच्या सासऱ्यांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन मोहनरावांच्या पुढ्यात धरला.



"काका, ताईंच्या नोकरीला तुम्ही नको म्हणाला होतात, तेव्हा बाबांनी तुम्हाला जे जे सुनावलं होतं, ते आज शब्दन् शब्द त्यांनाच ऐकवाल का?"