स्टीलचा पेला

सकाळी अकरा वाजता देहदात्याची पत्नी शरीररचना विभागात आली. नवऱ्याच्या देहावर वर्षभर विद्यार्थी शिकले. आभार मानायला विभागाने तिला बोलावलं होतं. प्राध्यापिकेने चहाचा कप पुढे केला. "मग, त्यांच्या आत आळस सापडला का हो?" म्हातारी हसली. "जन्मभर कप फोडले त्यांनी. शेवटी मी त्यांना लहान पोरासारखा स्टीलचा पेला दिला. चारचौघांत मी सुनावायचे, हातात जीव नाही का तुमच्या!" प्राध्यापिका हसली नाही. "आजी, त्यांच्या उजव्या दंडाच्या हाडाला जन्मापासून जादा टोक होतं. हाताची मुख्य नस नेहमीची वाट सोडून त्याखालून गेली होती. तिथे ती दबायची, बोटं बधिर व्हायची, पकड सुटायची." म्हातारीने कप खाली ठेवला. "दुखत असेल?" "एवढं मृत हातावरून कळत नाही." "एकदा हात बघू द्याल?" प्राध्यापिकेने दाराकडे पाहिलं. तो हात विद्यार्थ्यांना दाखवायला शेजारच्या खोलीत काचपेटीत जपून ठेवला होता.