बिनवासाचा बर्फ

वेल्डिंग मशीनच्या कूलरचा पंप उभा चिरला होता. तोलेगेन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून नुसता बघत होता. टाकीत बर्फ, नळ्यांत बर्फ, वेल्डिंगच्या टॉर्चच्या मुठीतसुद्धा बर्फ. काल रविवार, कारखाना बंद, भट्टी विझलेली आणि बाहेर एकिबास्तुझ गावचा हाडं गोठवणारा जानेवारी. अशात काय गोठणार नाही? पण हे गोठायला नको होतं.

कारण टाकीत नुसतं पाणी नव्हतं. थंडी पडायला लागली की कूलरच्या पाण्यात स्पिरिट मिसळायचं, म्हणजे ते गोठत नाही, ही इथली जुनी रीत. आणि दर हिवाळ्यात कुणीतरी ते गुपचूप पिऊन टाकायचं आणि टाकी साध्या पाण्याने भरून ठेवायची, हीसुद्धा इथली जुनीच रीत. त्यात सगळ्यात मोठा वाटा, खोटं कशाला बोला, तोलेगेनचाच असे.

पण ते आधीचं. दारू सोडल्याला त्याला आता दोन हिवाळे झाले होते. थंडीच्या तोंडावर नवं मशीन आलं, तेव्हा मुकादम ओराझने ते ठेवलेल्या जाळीच्या खोलीची किल्ली सगळ्यांदेखत त्याच्या हातात ठेवली. "आजपासून हे तोलेकेचं," म्हणाला. तोलेके! मानाच्या माणसालाच इथे अशी हाक मारतात. तोलेगेनला ती पन्नाशीत पहिल्यांदा मिळाली. टाकीत स्पिरिट ओतताना त्याने श्वास रोखून धरला होता. नंतर ते झाकण त्याने एकदाही उघडलं नाही. काचेतून पातळी दिसत होती, तेवढं बस झालं. हे मशीन हातचं गेलं तर या गावात पुन्हा कुणी आपल्या हातात टॉर्च देणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"वास घ्या रे त्या बर्फाचा!" लेथवरचा गेन्नादी ओरडला. "घ्या, घ्या. लाजताय काय?"

ओराझने पेचकसाने टाकीतल्या बर्फाचा एक टवका काढला. नाकाशी नेला. मग जिभेला लावला. साधं पाणी. वासाचं नावसुद्धा नाही.

"तोलेके," तो म्हणाला. रागवायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "मालकापाशी तुझ्यासाठी शब्द टाकला होता मी. तू नुसतं नाही म्हण. मी मानतो."

"मान बाबा, मान," गेन्नादी हसला. "टाकीलाच तहान लागली असेल बिचारीला."

तोलेगेन पुन्हा टाकीकडे वळला. त्याने एक थेंबही घेतला नव्हता. मग घेतला कुणी? खोलीला कुलूप असतं. किल्ली दिवसभर त्याच्या कोटात, आणि कोट रात्री घरी, खुंटीवर.

तेवढ्यात चहाची किटली घेऊन काम्शात आत आली. काम्शात म्हणजे त्याची बायको. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन भट्टी पेटवायची, झाडलोट करायची, मग चहा, ही तिची कामं. आज येऊन ती जी भट्टीला लागली होती, ती आत्ता इकडे फिरकत होती. तिने चिरलेला पंप पाहिला. तिचा चेहरा असा उतरला, की तोलेगेनला काही विचारावंच लागलं नाही.

"ओराझ," ती म्हणाली, "ऐक माझं. ते स्पिरिट..."

"तू मध्ये पडू नकोस." तोलेगेन उठून उभा राहिला. "मी प्यालो."

गेन्नादीचंही हसू थांबलं. ओराझने हात पुढे केला. तोलेगेनने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"उद्यापासून येऊ नकोस, तोलेगेन."

दोघं घराकडे निघाले. गुडघाभर बर्फातून तो पुढे, ती मागे. कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापाशी तिने त्याला गाठलं.

"शनिवारी पहाटे येताना तुमच्या कोटातली किल्ली आणली होती मी," ती म्हणाली. "सगळं कारखान्यामागच्या बर्फात ओतलं, पाणी भरून ठेवलं आणि तुम्ही उठायच्या आत घरी येऊन किल्ली परत कोटात टाकली. भट्टीची ऊब असतेच की, गोठायचं नाही, म्हटलं. रविवार डोक्यातच आला नाही हो."

"हं."

"रोज संध्याकाळी तुमच्या तोंडाचा वास घ्यायचे. कधी आला नाही. तरी झोप लागायची नाही. ते तिथं भरलेलं, तुम्ही दिवसभर त्याच्या शेजारी बसलेले... जीव टांगणीला लागायचा." तिला रडू आवरेना. "पण तुम्ही खोटं का बोललात? मला काय चार शिव्याच बसल्या असत्या. माझ्यासाठी स्वतःची इतकी बदनामी कशाला करून घेतलीत?"

तोलेगेन थांबला. दमला होता तो फार.

"तुझ्यासाठी नाही केली," तो म्हणाला. "मला दारुड्या म्हणाले, म्हणू देत. सवय आहे मला. पण माझ्या बायकोचासुद्धा माझ्यावर विश्वास नाही, हे त्या लोकांना कळायला नको होतं."