झाकणावरची जागा

"सही नक्की कुठे करू?" मार्कर हातात घेत मेढेकर सरांनी विचारलं. ऐंशीच्या दशकात त्यांच्या छोट्या कंपनीने बनवलेला पहिला कॉम्प्युटर मी भंगारातून शोधून त्यांच्या टेबलावर आणून ठेवला होता. असली जुनी मशीन्स जमवायची आणि ती बनवणाऱ्यांच्या त्यावर सह्या घ्यायच्या, हा माझा नाद.

"इथे, झाकणावर," मी म्हणालो. "कालच स्पिरिटने स्वच्छ केलंय. कसले तरी लाल डाग होते, जाता जात नव्हते."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि झाकणावरून हात फिरवला.

"सगळे गेले?"

"सगळे!" मी खुशीत म्हणालो.

"हे मशीन तयार झालं त्या दिवशी दसरा होता. पूजा झाल्यावर आम्ही पाचही जणांनी कुंकवात बोट बुडवून ठसे उमटवले होते. सह्या करायला आम्ही कोण मोठे लागून गेलो होतो! बाकीचे चौघं आता नाहीत."

माफी मागावी, की मशीन उचलून गुपचूप निघावं? मार्कर तरी परत घ्यावा का?

सर उठले, देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आले. बोट बुडवलं, झाकणापर्यंत नेलं आणि तिथेच थांबले.

"ते ठसे शेवटचे तुम्हीच पाहिलेत," ते म्हणाले. "त्यांच्यात मधे कुठे जागा रिकामी होती का हो? पाचही जणांनी म्हणालो खरं, पण एकाचं बोट लागायचं राहिलं होतं, असं मला सारखं वाटतं."