दोन दिवसांच्या आत

फ्लूची लस खांद्यात फार वर टोचली गेली आणि अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या ग्लेंडाचा उजवा हात वर जाईनासा झाला. तिला आपलं ब्यूटी पार्लर बंद करावं लागलं. लसीमुळे झालेल्या इजेची भरपाई तिथे सरकार देतं, म्हणून तिने सरकारकडे दावा केला. पण दुखणं लसीनंतर दोन दिवसांच्या आत सुरू झालं, हे सिद्ध करायचं होतं, आणि डॉक्टरकडे ती फार उशिरा गेली होती. साक्षीदार एकच होता, तिचा घटस्फोटित नवरा ड्वेन.

"तो दिवस तुम्हाला इतका नेमका कसा आठवतो?" सरकारी वकिलाने विचारलं.

"मी महिनाभर ट्रकवर होतो. तिने लस घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी परतलो. दारातच मिठी मारली, तर ती अंग चोरून मागे सरली. मला वाटलं, हिचं माझ्यावरून मन उडालं. त्याच आठवड्यात मी घर सोडलं."

साक्ष ग्राह्य धरली गेली. ग्लेंडा दावा जिंकली.

बाहेर आल्यावर ड्वेन म्हणाला, "तेव्हाच सांगायचंस ना गं, खांदा दुखतोय म्हणून."

"तू विचारलंस कुठे? तू का गेलास, तेसुद्धा मला आज कळलं. त्या वकिलाने विचारलं म्हणून."