फसफसलेलं कपाट

शारजात घरात दारू सापडली की नोकरी, व्हिसा, सगळंच खलास. तरी अंकुरने कपड्यांच्या कपाटात, थंडीच्या कोटांमागे, स्वतः केलेली बिअर लपवली होती. बायकोला, मुग्धाला, त्याने केसांसाठीचं व्हिनेगर म्हणून सांगितलं आणि साताऱ्याहून आलेल्या आईला पोटाचं औषध. दोघींनी मान डोलावली. आई तर सकाळ-संध्याकाळ त्या कपाटासमोर उदबत्ती लावायची.

बिअरला फेस यावा म्हणून अंकुरने दर बाटलीत मोजून सपाट चमचाभर साखर घातली, कारण जास्त झाली की गॅस वाढून बाटली फुटते; झाकणं घट्ट फिरवली आणि निर्धास्त झाला.

शुक्रवारी जेवताना कपाटात एकामागून एक बाटल्या फुटल्या. दाराखालून फेस वाहत हॉलमध्ये आला. तेवढ्यात बेल वाजली. दारात वॉचमन.

"साब, क्या फटा?"

आई पुढे झाली. "अचार की बरनियाँ, भैया. ये तुम्हारे शारजा की गरमी!"

वॉचमन हळहळून गेला. अंकुर फेस पुसायला खाली बसला. "पण मी मोजून एकच चमचा साखर घातली होती!"

मुग्धाच्या हातातला डाव थांबला. "तू घातली होतीस? मी झाकण उघडून पाहिलं, तर बिअर जरासुद्धा फसफसत नव्हती. म्हणून मीही एकेक चमचा घातला."

आईने नवी उदबत्ती पेटवली.

"आणि मी दोन. या घरात कुणी कुणाला काही सांगतच नाही!"