स्लॅबला पाणी

“बाबा, तुमी एवढे फ्लॅट बांधता, मंग आपण त्यातल्या एकात काऊन राहत नाई?”

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि दहावीत गेल्यापासून मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, माझ्या तर नाहीच. जेवताना विचारून टाकलं. बाबा नालवाडीत बिल्डिंगा बांधतात आणि आम्ही अजून सागवानी तुळयांच्या, कवेलूच्या छपराच्या घरात राहतो.

बाबा खूश होऊन हसले. “पोरगी हुशार झाली. अवं, उन्हाळ्यात स्लॅबवर माराले पाणी कुठं होतं? त्यात लोकाईले अक्षय तृतीयेलेच गृहप्रवेश पायजे होता. मंग स्लॅब कच्चा असतानीच खालच्या टेकूच्या बल्ल्या काढून टाकल्या. तो कधी खाली येईन, नेम नाई. त्याच्या खाली मी माह्या लेकराले झोपवीन का?”

“मंग आचल?”

आचल माझी जिवलग मैत्रीण, पैज लावण्यात सगळ्यात पुढे तीच. तिच्या घरचे याच अक्षय तृतीयेला बाबांच्या त्याच बिल्डिंगीत राहायला गेले होते.

बाबा वरण ओढून घेत म्हणाले, “त्याईनं तर घाई केली. मी काय करू?”

आईनं माझ्या ताटात गरम पोळी वाढली. “हे शाळेत बोलू नोको. आपल्याले काय करा लागते?”

मी हात धुतले आणि दोघांसमोर उभी राहिले.



“आई, माही गादी बांधून दे. बाबा तो स्लॅब पाडून नवा टाकत नाई, तोवर मी आचलच्याच घरी झोपणार.”